एक दिवस बेस्टच्या बसने: सकाळी उत्तरेकडे, संध्याकाळी दक्षिणेकडे

प्रश्न कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याचा आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी मुंबईत उतरायचं, दिवसभर फक्त बेस्टच्या बसने फिरायचं आणि रात्रीच्या महालक्ष्मीनेच परतायचं, असा त्याचा बेत आहे. बसचं वेड लहानपणापासूनचं. केएमटीचे, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बसचे, बहुतेक मार्ग करून झालेत, बेस्टमध्ये मात्र तो आजवर दोनदाच चढलाय. त्याने विचारलंय, ‘एका दिवसात जास्तीत जास्त किती मार्ग होतील आणि कुठले करावेत?’

मी बत्तीस वर्षं सुट्टीच्या दिवशी हेच करत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते ‘जास्तीत जास्त’ डोक्यातून काढा. कॉलेजात असताना एका रविवारी मी एकोणीस बस केल्या होत्या. वही अजून आहे. मार्ग क्रमांक, चढल्याची वेळ, उतरल्याची वेळ, गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे, सगळं नीट लिहिलेलं आहे. पण त्या एकोणीस बसमधली एकही मला आठवत नाही. प्रत्येक गाडीत पंधरा-वीस मिनिटं बसलो आणि सगळं लक्ष पुढच्या बसकडे. त्यानंतर मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली: दिवसाला चार, फार तर पाच मोठ्या फेऱ्या, आणि जमेल तितकं टोकापासून टोकापर्यंत. एकाच जागी दीड तास बसलात की शेजारची सीट पाच-सहा वेळा रिकामी होते आणि भरते. चढणाऱ्यांच्या हातातल्या पिशव्या बदलतात, कंडक्टरशी बोलायची भाषा बदलते. वस्ती बदलल्याचं रस्त्याआधी बसमध्ये कळतं. ते बघायला वेळ द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट दिशेची. मुंबईची गर्दी सकाळी दक्षिणेकडे येते आणि संध्याकाळी उत्तरेकडे जाते. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि अंधेरीची ऑफिसं वाढल्यापासून हे गणित थोडं बिघडलंय, पण मोडलेलं नाही. तुमच्या पथ्यावर पडणारी गोष्ट अशी की तुमची गाडी तुम्हाला सकाळी थेट दक्षिण टोकाला आणून सोडते आणि रात्री तिथूनच उचलते. म्हणजे तुम्ही सकाळी उत्तरेकडे निघायचं आणि दुपारनंतर दक्षिणेकडे वळायचं. दोन्ही वेळा गर्दी समोरच्या बाजूला असेल आणि तुम्हाला खिडकी मिळेल. वाहतूक कोंडी मात्र दोन्ही बाजूंना असतेच, ती धरूनच चाला.

बसायचं कुठे, हेही दिशेवरच ठरतं. सकाळी उत्तरेकडे जाताना ऊन उजवीकडून येतं, तेव्हा डावी बाजू घ्या. सावली मिळते आणि फुटपाथ, थांबे, दुकानं त्याच बाजूला असतात. संध्याकाळी दक्षिणेकडे येताना ऊनही उजवीकडे आणि समुद्रही उजवीकडे, तेव्हा टोपी घाला आणि उजवीकडेच बसा. खिडकीवर ‘स्त्रियांसाठी’ किंवा ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी’ लिहिलेलं असेल ती जागा बस रिकामी असली तरी धरू नका. मागच्या चाकावरची सीट उंच असते, पाय आखडतात, पण नजर लांबपर्यंत जाते. मला ती आवडते.

पैशांचं म्हणाल तर सकाळीच दैनंदिन पास काढा, ७५ रुपयांत दिवसभर सुटका. ९ मे २०२५ पासून पाच किलोमीटरपर्यंतचं तिकीट साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये झालंय. सुटी तिकिटं काढत बसलात तर खर्च वाढतो, आणि दर वेळी उतरायचं ठिकाण सांगावं लागतं ते वेगळंच. पास असला की मनात आलं तिथे उतरता येतं. मोबाइलवर चलो ॲप घ्या. पासही त्यातच निघतो आणि बस कुठवर आलीय तेही दिसतं. आणखी एक, बेस्टने भाड्याने घेतलेल्या छोट्या एसी गाड्यांत पुष्कळदा कंडक्टर नसतो. तो मोठ्या थांब्यावर मशीन घेऊन उभा असतो आणि चढण्याआधीच तिकीट देतो. नवख्या माणसाला वाटतं हा कुणीतरी प्रवासी आहे, आणि तो तसाच चढतो. थांब्यावर आधी त्याला शोधा.

क्रमांकांबद्दल थोडं. पुढच्या पाटीवर आकडे देवनागरीत असतात, तुम्हाला त्याची अडचण नाही. पांढरा आकडा साध्या बसचा, लाल आकडा मर्यादितचा, म्हणजे ठरावीक थांबे घेणाऱ्या बसचा. इलेक्ट्रॉनिक पाट्यांवर हा रंगाचा फरक पुसला गेलाय, पण थांब्याच्या पत्र्यावर अजून दिसतो. ढोबळमानाने २०० च्या आतले मार्ग शहराचे, २०० पासून पश्चिम उपनगरं, ३०० पासून पूर्व उपनगरं, ४०० पासून पूर्व-पश्चिम जोडणारे, ५०० पासून नवी मुंबईकडचे, ७०० पासून मीरा-भाईंदरकडचे. अपवाद आहेत. कान्हेरी लेण्यांकडे जाणारी १८८ बोरिवलीची आहे. तरी ही चौकट डोक्यात असली की अनोळखी थांब्यावर उभं राहून नुसत्या आकड्यावरून बस साधारण कुठली ते ओळखता येतं, आणि आपल्यासारख्यांना त्यात मजा वाटते.

शेवटच्या थांब्यांची नावं मात्र पाठ करून या, कारण बस ‘चर्चगेट’ म्हणत नाही, ‘अहिल्याबाई होळकर चौक’ म्हणते. ऑपेरा हाऊसला ‘पं. पलुस्कर चौक’, रीगलला ‘डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी चौक’, सायनला ‘राणी लक्ष्मीबाई चौक’, ताडदेवला ‘वसंतराव नाईक चौक’, अंधेरी पूर्वेला ‘आगरकर चौक’. किंग्ज सर्कल म्हणजे ‘महेश्वरी उद्यान’. दादर टीटी म्हणजे खोदादाद सर्कल, आणि त्या टीटीतला एक टी ट्रामचा, दुसरा टर्मिनसचा. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम आली, पण आजही शेअर टॅक्सीवाला ‘टीटी, टीटी’ असंच ओरडतो.

आता प्रत्यक्ष दिवस. बेस्टमध्ये मार्ग मधूनमधून तोडले, जोडले, एसी केले जातात. एसी झालेल्या मार्गाच्या आधी ‘ए’ लागतो. त्यामुळे मी वाट सांगतो आणि तिच्यावरचा जुना क्रमांक सांगतो. आदल्या रात्री ॲपवर तपासा.

सीएसएमटीला उतरलात की कुलाब्याकडे जाणारी पहिली बस पकडा आणि अफगाण चर्चला उतरा. सकाळी तिथे नौदलाच्या वस्तीतली शांतता असते, मोठी झाडं, झाडलेला रस्ता. १५ जुलै १९२६ ला मुंबईची पहिली बस इथून निघाली आणि क्रॉफर्ड मार्केटला गेली. लोकांनी ती इतकी उचलून धरली की त्या वर्षअखेरपर्यंत सहा लाख प्रवासी झाले. ही वाट तुम्हाला आजही जवळजवळ तशीच करता येते. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पुढे जाणारी कुठलीही साधी बस घ्या, १ क्रमांकाची मिळाली तर सोनंच. कुलाबा कॉजवे, म्युझियम, हुतात्मा चौक, सीएसएमटी, मग क्रॉफर्ड मार्केट. अर्ध्या तासाची फेरी. त्या पहिल्या बसमधल्या माणसाला उजव्या-डाव्या हाताला ज्या दगडी इमारती दिसल्या असतील, त्यातल्या पुष्कळशा तुम्हालाही दिसतात. दुकानं उघडायच्या आत ही फेरी करा, एकदा कॉजवे जागा झाला की बस गोगलगाय होते.

क्रॉफर्ड मार्केटला उतरा आणि दिवसातली मुख्य बस पकडा: मोहम्मद अली रोड आणि पुढे डॉ. आंबेडकर मार्गाने सायनला जाणारी. ६६ हा या वाटेचा जुना क्रमांक. साधी बसच घ्या, आणि कारण नीट ऐका. या सगळ्या वाटेवर डोक्यावर उड्डाणपूल आहेत, आधी जे. जे.चा, मग लालबागचा. मोटारी वरून निघून जातात. साध्या बसला थांबे घ्यायचे असतात म्हणून ती पुलाखालूनच जाते. गाडीने आलेल्या पाहुण्याला भेंडीबाजार दिसतच नाही, त्याला तिसऱ्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे दिसतात. तुम्हाला मात्र दुकानाच्या फळ्या सरकवणारा माणूस दिसेल, हातगाडीवर रचलेली पोती दिसतील, आणि बस सिग्नलला थांबली की बेकरीचा वास आत येईल.

भायखळ्यानंतर लालबाग. इथे मी दर वेळी मोबाइल खिशात ठेवतो. भारतमाता सिनेमाच्या आसपास लाल मिरची आणि मसाल्यांच्या दुकानांचा वास बसभर पसरतो, उभे असलेले दोघेचौघे शिंकतात. पावसाळ्याच्या तोंडावर आलात तर रस्त्यालगत मंडपांत रंग न लागलेल्या पांढऱ्या गणेशमूर्ती दिसतील. एकदा याच टप्प्यात एक आजी चढल्या. हातात स्टीलचा डबा, आणि बसायला जागा दिली तर बसायला तयार नाहीत. ‘दोन स्टॉपच जायचंय रे बाळा, बसले तर उठता येत नाही.’ कंडक्टरने तिकीट न मागता आधी डबा हातात घेतला, त्यांना दांडा धरू दिला आणि मग मशीन काढलं. उतरताना डबा परत दिला, डबल बेल दिली, बस सुटली. त्या दोन थांब्यांत दोघं एक शब्द बोलले नाहीत. रोजची ओळख असणार.

पुढे महेश्वरी उद्यानाला उतरून माटुंग्यात इडली-कॉफी घ्या. तुमचा पास आहे, मागची बस येईलच. तिथून सायन.

सायनहून आणिक आगाराकडे जाणारी बस घ्या. आगारातच बेस्टचं परिवहन संग्रहालय आहे. बुधवार ते रविवार उघडं असतं, म्हणून सोमवार-मंगळवारी मुंबई ठरवू नका. जागा लहान आहे, गाजावाजा नाही, बहुतेक मुंबईकर तिथे कधी गेलेले नसतात. ट्रामची आणि बसची छोटी प्रारूपं, जुनी तिकिटं, तिकीटयंत्रं. १८७४ ला घोड्यांच्या ट्रामने सुरुवात झाली, १९०७ ला विजेच्या ट्राम आल्या, १९३७ ला डबलडेकर बस आली. हे सगळं वाचलेलं असतं, पण तिथे ते वस्तूंतून समोर येतं.

तिथे कंडक्टरच्या जुन्या तिकिटांपाशी जरा जास्त वेळ थांबा. मशीन येण्याआधी प्रत्येक कंडक्टरकडे पत्र्याची पेटी असायची. तीत वेगवेगळ्या किमतींच्या तिकिटांच्या गड्ड्या ओळीने लावलेल्या, प्रत्येक किमतीचा रंग वेगळा. कागद इतका पातळ की घामेजल्या बोटांना चिकटायचा. कडेला टप्प्यांचे आकडे छापलेले. कंडक्टर अंगठ्याने एक तिकीट ओढायचा, पंचने त्या टप्प्यापाशी भोक पाडायचा, आणि गर्दीत पुढे सरकताना रिकामाच पंच टकटक वाजवत राहायचा. त्या आवाजावर लोक खिशात हात घालायचे, तोंडाने ‘तिकीट’ म्हणायची गरजच नसे. मी लहानपणी पडलेल्या तिकिटांची भोकं बघून कोण कुठे चढलं असेल ते ओळखत बसायचो. माझं हे वेड तिथूनच सुरू झालं.

आणिकहून कुर्ला आगाराला या. तिथून दुपारची बस ३३२, कुर्ला ते अंधेरी पूर्व. हा देखणा मार्ग नाही. धूळ, खोदकाम, लोखंडाची दुकानं, साकीनाक्याला हमखास अडकणं. तरी मी तो सुचवतो, कारण मुंबई पोटासाठी काय करते ते या रस्त्यावर दिसतं. आणि २०१४ पासून डोक्यावर मेट्रो धावतेय. बसमध्ये अडकलेले असताना वरून मेट्रो जाते तेव्हा आतले लोक वर बघतात का, ते पाहा. मला आजवर फारसं कुणी बघताना दिसलेलं नाही. मेट्रोचं स्टेशन गाठायचं, जिना चढायचा, परत उतरून घरापर्यंत चालायचं, त्यापेक्षा दारात सोडणारी बस पुष्कळांना परवडते.

३३२ वर डबलडेकर धावायच्या. अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झला जाणाऱ्या ४१५ वरही. जुन्या, बिनएसी डबलडेकरची शेवटची फेरी याच ४१५ वर, १५ सप्टेंबर २०२३ ला झाली. मी रजा टाकून गेलो होतो. गाडीला झेंडूचे हार, फुगे, भोवती फोटो काढणाऱ्यांची रेटारेटी. मला लक्षात राहिला तो एक माणूस. पन्नाशीचा असेल, ऑफिसची बॅग खांद्याला. त्याने फोटो काढला नाही. गर्दीतून वाट काढत गाडीपर्यंत गेला, लाल पत्र्यावर तळवा टेकवला, तसाच थोडा वेळ उभा राहिला आणि रिक्षाच्या रांगेकडे चालू लागला. १९९०च्या दशकात मुंबईत अशा सुमारे नऊशे गाड्या होत्या. वर एक, खाली एक असे दोन कंडक्टर, आणि वरच्या मजल्यावरच्या पहिल्या सीटसाठी पोरांची धावाधाव. आगरकर चौकात उतरलात की दोन मिनिटं उभे राहा, बाकी काही करायला नको.

साडेतीनच्या आत अंधेरी सोडायची, हे घड्याळ लावून पाळा. पूल ओलांडून पश्चिमेला या आणि एस. व्ही. रोडने सांताक्रूझ आगार गाठा. तिथून कुलाब्याकडे उतरणारी ८३ ही माझी सगळ्यात आवडती जुनी वाट: माहीम, वरळी, हाजी अली, पेडर रोड, चौपाटी. ओशिवऱ्याहून येणारी ८४ मर्यादितही दक्षिणेलाच जाते, पण आता अशा काही बस कोस्टल रोडने वळवल्या जातात. त्या रस्त्याने गेलात तर वेळ वाचेल आणि शहर चुकेल. तुम्हाला हाजी अलीवरून जाणारी हवी. उजवीकडे बसा. समुद्र आणि तुमच्यामध्ये आता कोस्टल रोड आलाय, तरी भरतीच्या वेळी दर्ग्याच्या वाटेवर पाणी चढलेलं बसमधून दिसतं. पेडर रोडच्या चढावर इलेक्ट्रिक गाडी किती गुपचूप चढते ते ऐका. डिझेलच्या गाड्या याच चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ओरडायच्या, आणि गिअर बदलताना अख्खी बस एकदा मागे झुकायची. मला तो आवाज हवाहवासा वाटतो, पण फुटपाथवर राहणाऱ्यांना आणि खिडकीशी बसलेल्या मुलांना धूर नाही, हे त्याहून बरं आहे.

या फेरीला अडीच तास धरा. साडेपाचला बस माहीमच्या अलीकडेच अडकलेली असेल तर हट्ट करू नका. माहीमला उतरून लोकलने दादर गाठा. महालक्ष्मी दादरलाही थांबते.

सगळं वेळेत झालं तर शेवटची भेट: सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाला जाणारी ए-११५. २०२३च्या फेब्रुवारीत एसी इलेक्ट्रिक डबलडेकर पहिल्यांदा या मार्गावर आल्या. दोन-तीन गाड्या सोडाव्या लागल्या तरी चालतील, पण वरच्या मजल्यावरची पुढची सीट घ्या. काच मोठी आहे, दिवे लागलेले असतात आणि झाडांच्या फांद्या काचेवर येऊन आपटतात. जुन्या डबलडेकरला खिडकीतून वारा यायचा, तो इथे नाही. तेवढं एक सोडलं तर गाडी चांगली आहे.

थोडं किरकोळ. वही ठेवा, पण बस चालू असताना लिहू नका, उतरल्यावर लिहा. आगाराच्या आत परवानगीशिवाय फोटो काढू नका. ड्रायव्हर-कंडक्टरचा चेहरा येणार असेल तर आधी विचारा, पुष्कळ जण हसून उभे राहतात. ड्रायव्हरशी गप्पा शेवटच्या थांब्यावर, गाडी उभी असताना, आणि तो चहा पीत असेल तर चहा संपू द्या. पाणी बाटलीभर ठेवा आणि आगार दिसलं की स्वच्छतागृह वापरून घ्या, पुढचं कधी येईल सांगता येत नाही. मोठी बॅग आणू नका, गर्दीच्या बसमध्ये ती दुसऱ्याच्या पायावर राहते.

मालाडहून मढला जाणारी २७१ या बेतात बसत नाही. मालवणी, आक्सा, एरंगळ करत ती कोळीवाड्यापर्यंत जाते, आणि पुढे वर्सोव्याला जायला होडी आहे. तिला अख्खी संध्याकाळ द्यावी लागते. पुढच्या वेळी मुक्कामाला या, मग ती करू.